डेकखालच्या पेटीत जनरेटर कोंडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. आंभोऱ्याला, म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर, चालवायला चाळीस फुटी पोलादी पर्यटक बोट तयार होते आहे. बंद केबिनमध्ये दीड टनाचे दोन इन्व्हर्टर एसी, एक फ्रीज, दिवे, पंखे आणि स्पीकर लागणार आहेत. नागपुरातल्या विक्रेत्याने १५ केव्हीएचा जमिनीवरचा सायलेंट डिझेल जनरेटर सुचवला आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, मागच्या डेकखाली पेटी करून त्यात बसवून देतो, वर बाकं येतील, जागा वाया जाणार नाही. हे चालेल का, आणि नंतर निगा कशी राखायची?

चालणार नाही. सेट मोठा आहे आणि जागा चुकीची आहे. माझ्या नोकरीचा पहिला अर्धा काळ किनाऱ्यावरच्या बोटींच्या इंजिनांत गेला आणि उरलेला नागपुरात डीजी सेट बसवण्यात. दोन्हीकडची माणसं आपापल्या कामात पक्की असतात. घोळ होतो तो जमिनीवरची सवय बोटीवर नेली की. कारखान्याच्या आवारात जनरेटरभोवती हवा, माती आणि मोकळी जागा फुकट मिळते. बोटीवर या तिन्ही गोष्टी आपल्याला करून द्याव्या लागतात.

आधी आकाराचं बघू. विदर्भातल्या उन्हात दीड टनाचा एसी पूर्ण जोर लावतो तेव्हा १.६ ते १.८ किलोवॉट घेतो असं धरा. दोघांचे साधारण साडेतीन. फ्रीज, दिवे, पंखे, स्पीकर आणि एखादा छोटा पंप मिळून एक-दीड. म्हणजे एकूण पाच किलोवॉटच्या आसपास. १५ केव्हीएचा सेट १२ किलोवॉट देतो. एसी चालू असताना त्याच्यावर जेमतेम चाळीस टक्के भार येईल, आणि संध्याकाळी एसी बंद करून नुसते दिवे लावून फिरलात की दहा टक्क्यांच्या खाली. डिझेल इंजिनाला असं उपाशी चालवलेलं सोसत नाही. तीस टक्क्यांपेक्षा कमी भारावर तासन्‌तास चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन अर्धवट जळतं, काजळी आणि न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं. मग सांध्यांतून काळा तेलकट ओघळ दिसू लागतो आणि इंजिन तेल प्यायला लागतं. मोठा घेतला तर आयुष्य वाढेल हा समज इथे उलटा पडतो.

७.५ केव्हीए म्हणजे ६ किलोवॉट. कागदावर पुरतो, पण इंजिनांची प्रमाणित ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेर ४५-४६ अंश आणि कॅनोपीच्या, म्हणजे सेटभोवतीच्या आवाज दाबणाऱ्या खोक्याच्या, आत त्याहून बरंच जास्त असताना त्यातली काही ताकद गळते. म्हणून तुमच्यासाठी १० केव्हीए, सिंगल फेज, १५०० आरपीएमचा. पाच किलोवॉट म्हणजे त्याच्या साठ-पासष्ट टक्के, इंजिनाला सगळ्यात मानवणारी जागा. ३००० आरपीएमचे सेट हलके आणि स्वस्त मिळतात, पण आवाज आणि झीज दोन्ही जास्त. दिवसभर प्रवासी घेऊन फिरणाऱ्या बोटीवर मी ते लावत नाही. दिवे, पंखे, फ्रीज आणि स्पीकर लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टरवर टाका, छतावर सोलर पॅनल लावा. जनरेटर फक्त एसीच्या वेळी चालेल, आणि चालेल तेव्हा उपाशी राहणार नाही. इंडक्शन शेगडीचा मोह मात्र सोडा. ती एकटी दोन किलोवॉट घेते.

आता त्या पेटीचं. पाच किलोवॉट वीज काढायला असा लहान सेट तासाला दीड ते दोन लिटर डिझेल जाळतो. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे ताशी पंधरा-वीस किलोवॉट-तास आत जातात, वीज होऊन पाच बाहेर येतात आणि उरलेली सगळी उष्णता होते. धुरासोबत जाते ती सोडली तरी उरलेली रेडिएटरची आणि इंजिनाच्या अंगाची आच पेटीतच राहते. दोन किलोवॉटचे तीन-चार गिझर एका लोखंडी खोक्यात कोंडून चालू ठेवावेत, तसं ते. रेडिएटर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो, पाणी उकळतं, सेट ट्रिप होतो. मग कुणीतरी वैतागून तापमानाच्या सेन्सरची वायर काढून ठेवतो. खरा धोका तिथून सुरू होतो.

कारण त्याच पेटीत डिझेलही असतं. डिझेल सहज पेटत नाही हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण आपल्याकडच्या पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश असला की पुरतो. मोठ्या जहाजांवरच्या इंधनाला तो साधारणपणे ६० अंशांच्या वर लागतो. मे महिन्यात बंद पेटीतली हवा ३५ अंश सकाळी नऊलाच ओलांडते. डिझेलच्या नळीचा गळणारा एक बॅन्जो बोल्ट, इंजिनाला लागून असलेला धुराचा तापलेला नळ (एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) आणि वर बाकांवर बसलेली मुलं. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून जागा ठरवा.

माझा सल्ला: सेट मागच्या उघड्या डेकवर, बोटीच्या मध्यरेषेवर बसवा आणि बाकांची एक ओळ कमी करा. कॅनोपीसकट १० केव्हीएचा सेट पाच-सहाशे किलोंचा असतो. हे वजन डेकच्या पत्र्यावर टेकवायचं नाही, खालच्या आडव्या-उभ्या फ्रेमला वेल्ड केलेल्या चॅनेलवर घ्यायचं. मध्ये रबर माउंटिंग, कंपनाने सैल न होणारे नायलॉक नट किंवा डबल नट. रेडिएटरची गरम हवा पाठीमागे पाण्याकडे गेली पाहिजे आणि हवा आत घेणाऱ्या बाजूसमोर किमान दोन-तीन फूट मोकळं हवं. तिथे लाइफ जॅकेटांचा ढीग, पाण्याचे कॅन, ताडपत्री काहीही येता कामा नये. बोटीवर मोकळी जागा दिसली की माणूस सामान ठेवतोच, म्हणून आधीच पाइपाचं कुंपण करून टाका. आणि हे वजन धरून बोटीचा तोल सर्व्हेअरकडून पुन्हा तपासून घ्या. फोटो काढायला सगळे प्रवासी एकाच बाजूला धावतात, तेव्हाचा हिशोब लागतो.

खाली बसवायचंच असेल तर जमिनीवरचा सेट नको, मरीन सेट घ्या. त्यातही दोन प्रकार आहेत. पोलादी बोटीला कील कूलिंग छान जमतं: तळाला बाहेरून चॅनेल वेल्ड करून इंजिनाचा कूलंट त्यातून फिरवायचा, तळ्याचं पाणी इंजिनात येतच नाही. दुसरा प्रकार म्हणजे तळ्याचं पाणी पंपाने ओढून हीट एक्स्चेंजरमधून फिरवायचं आणि शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडायचं. समुद्रावर हा सर्रास चालतो. आंभोऱ्याला मी तो टाळेन. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून याच फुगवट्यात येतं, त्या खतावर जलपर्णी माजते. तिच्या मुळ्यांचे तंतू गाळणीत असे गुंततात की तासाभरात पाणी अडतं, आणि पंपातला रबरी पंखा (इम्पेलर) कोरडा फिरला की मिनिटभरात फाटतो.

तरीही कुणी तो घेतलाच, तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली फॅब्रिकेटरला कागदावर लिहून द्यायची: अँटी-सायफन लूप, म्हणजे पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून पाइपाला दिलेला उंच वळसा. एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्याची जागा पाण्याच्या पातळीखाली किंवा तिच्या जेमतेम वर असेल, तर इंजिन बंद झाल्यावरही सायफन होऊन पाणी आत येत राहतं. वॉटर लॉक, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेतला पाणी साठणारा डबा, भरतो, मग पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बोट हेलकावली तरी पाण्याच्या वर राहील इतका उंच लूप आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह, एवढाच त्याचा इलाज आहे. तो व्हॉल्व्ह दर वर्षी उघडून साफ करायचा. दुसरी गोष्ट चालवणाऱ्या पोराला शिकवायची: इंजिन पटकन सुरू होत नसेल तर पाण्याचा कॉक आधी बंद कर, मग पुन्हा स्टार्टर मार. इंजिन न पेटता नुसतं फिरत राहिलं की पंप पाणी भरतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. सुरू झालं की लगेच कॉक उघडायचा आणि मागे पाणी पडताना दिसेपर्यंत हलायचं नाही.

स्वस्तात मरीन सेट म्हणून गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणीतला माल बाजारात येतो. त्यातले बरेच ६० हर्ट्‌झ, ४४० व्होल्टचे असतात. त्यांची प्लेट वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि नवा जमिनीवरचा सेट घेताना सीपीसीबी चार प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं धुराचं मानक) लिहिलेलाच घ्या, १ जुलै २०२३ पासून तेच मानक लागू आहे.

धुराबद्दल जरा सविस्तर. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या केबिनमध्ये थोडाही पुरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, लोकांना वाटतं ऊन लागलं. बोट पुढे जाते तेव्हा केबिनच्या मागच्या सपाट भिंतीपाशी हवा कमी दाबाची होते आणि मागे सोडलेला धूर पुढे ओढला जातो. त्यामुळे 'सायलेन्सर तर मागे आहे' एवढ्याने भागत नाही. पाइप छताच्या वर न्या, टोकाला पावसाची टोपी लावा, केबिनचा मागचा दरवाजा आपोआप मिटणारा करा. एक्झॉस्टचा पाइप इंजिनाला थेट वेल्ड न करता मध्ये स्टीलचा लवचिक बेलो द्या, आणि हात पोचेल तिथपर्यंत सिरॅमिक वुल आणि वर ग्लास क्लॉथ गुंडाळा. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म हवाच. त्याची किंमत एसीच्या स्टॅबिलायझरएवढीही नसते. आणि लग्नाच्या पार्टीत डीजेवाला पेट्रोलचा छोटा जनरेटर बोटीवर घेऊन आला, तर त्याला जेट्टीवरच थांबवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते.

विजेकडे आता. या उत्तरातलं एवढंच कुणी वाचणार असेल तर हे वाचावं. जमिनीवर आपण अर्थिंगचे खड्डे करतो, न्यूट्रलचे वेगळे, बॉडीचे वेगळे. बोटीवर खड्डा नाही. लहान सेट पुष्कळदा न्यूट्रल मोकळा ठेवूनच येतात. तो तसाच राहिला तर कुठल्या उपकरणाची बॉडी फेजला लागली तरी आरसीसीबी, म्हणजे गळता करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, पडत नाही, कारण करंटला परत यायला वाटच नसते. म्हणून जनरेटरचा न्यूट्रल सेटपाशीच, एकाच ठिकाणी, त्याच्या फ्रेमला बांधायचा. फ्रेम, बोटीचं पोलादी अंग, एसीच्या बॉड्या, स्विचबोर्ड, सगळं हिरव्या वायरने एकमेकांना जोडायचं. मग ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि प्रत्येक सर्किटला डबल पोल एमसीबी. १० केव्हीएचा पूर्ण करंट २३० व्होल्टला ४३ अँपिअरच्या आसपास जातो, मेन ब्रेकर आणि केबल त्या हिशोबाने.

रात्री जेट्टीवर बॅटरी चार्ज करायला महावितरणची लाइन घ्याल, तेव्हा चेंजओव्हर, म्हणजे जेट्टीची लाइन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच, असा हवा की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतील. जेट्टीची लाइन चालू असताना बोटीवर न्यूट्रल आणि बॉडी एकत्र असता कामा नये. नाहीतर बोटीचा न्यूट्रल करंट पाण्यातून वाट काढतो. गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा जास्त घातक आहे. खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगलं वीजवाहक, त्यामुळे करंट माणसाला वळसा घालून जातो. गोडं पाणी वाईट वाहक, त्यात माणसाचं शरीरच सोपी वाट ठरतं. मग झटका बसून माणूस फेकला जात नाही, हातपाय आखडतात आणि तो पोहता येत असूनही बुडतो. आंभोऱ्याला काठावर मुलं डुंबतात, ढिवर बांधव कमरेएवढ्या पाण्यात जाळी लावतात. जेट्टीच्या सॉकेटवरही ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावा, दर महिन्याला तिचं टेस्ट बटण दाबून बघा, आणि केबल जोडलेली असताना बोटीजवळ कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

वायर बहुतारी तांब्याचीच. घरातल्या एकतारी वायरी कंपनाने तुटतात. पीळ देऊन टेप गुंडाळलेला एकही जोड नको, सगळीकडे क्रिंप केलेले लग. स्टार्टरच्या बॅटरीला कट-ऑफ स्विच आणि घट्ट क्लॅम्प.

इंधनाची टाकी इंजिनापासून आणि एक्झॉस्टपासून दूर, उन्हाच्या थेट माऱ्यात नको. श्वासनळी बाहेर काढलेली आणि तोंडाला जाळी. टाकीपाशी एक कॉक, जो कॅनोपी न उघडता बाहेरून बंद करता येईल. इंधन भरताना प्रवासी काठावर. आग विझवणाऱ्या कोरड्या पावडरचा (डीसीपीचा) सिलिंडर सेटच्या शेजारी टांगतात, तो तिथे नको. आग लागली तर त्याच्यापर्यंत हातच जाणार नाही. केबिनच्या दारापाशी ठेवा, आणि कॅनोपीला नोझल घालता येईल एवढं झाकणवालं भोक ठेवा, म्हणजे दार उघडून आगीला हवा द्यावी लागणार नाही.

देखभालीचं अर्धं काम बसवायच्या दिवशीच ठरतं. ऑइल फिल्टर, डिपस्टिक, पाणी वेगळं करणारा डिझेल फिल्टर, बेल्ट, कूलंटचं झाकण: या पाच जागी उभ्या माणसाचा हात सरळ पोचला पाहिजे. मेकॅनिकला आडवं होऊन सरपटावं लागलं की तो फिल्टर बदललाय असं सांगतो आणि चहा पिऊन जातो. खाली ऑइलचा ट्रे हवाच. ड्रेन बोल्ट उघडून तेल सांडण्यापेक्षा डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून काढा आणि नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याला द्या. एक थेंबही पाण्यात नको. हाच सेट उद्या कुणी नवेगाव खैरीवर लावला तर ते पाणी नागपूरच्या नळाला येतं, हे लक्षात असू द्या.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल बहुतेक कंपन्या ५० तासांनी बदलायला सांगतात, नंतर साधारण २५० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. तुमच्या सेटच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. रोज सुरू करण्याआधी ऑइल, कूलंट, बेल्ट आणि बोटीच्या तळात साचलेलं पाणी बघायचं. ते पाणी तेलकट दिसलं तर गळती शोधल्याशिवाय सेट सुरू करायचा नाही. बंद करताना आधी भार काढायचा, तीन ते पाच मिनिटं मोकळं चालू द्यायचं, मग बंद. एका वहीत तासमापकाचा आकडा, टाकलेलं डिझेल आणि व्होल्टेज रोज लिहा. तासाला लागणारं डिझेल हळूहळू वाढताना वहीत दिसतं, कानाला कळत नाही.

आपल्या भागातल्या काही गोष्टी पुस्तिकेत नसतात. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका. जड पाण्याचा खर नळ्यांत बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात सेट तापू लागतो. तयार कूलंट किंवा डिमिनरलाइज्ड पाण्यात मिसळलेला कूलंटच वापरा. मार्च-एप्रिलच्या वावटळीत काठावरची माती एअर फिल्टरमध्ये भरते, तेव्हा तो पंधरा दिवसांनी उघडून पाहा. रेडिएटरच्या जाळीत कापसासारखा तंतूंचा जाड थर बसला असेल तर आतून बाहेर हवा मारून काढा, पाण्याचा जोराचा फवारा पाती वाकवतो. उन्हाळ्यात साध्या बॅटरीचं पाणी झपाट्याने उडतं, आठवड्याला बघा.

पावसाळ्यात फेऱ्या बंद राहतील तेव्हा टाकी अर्धी सोडू नका. मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते डिझेलखाली बसतं आणि पाणी-डिझेल भेटतात तिथे बुरशीसारखा चिकट गाळ वाढतो. टाकी भरून ठेवा, हंगामाच्या सुरुवातीला तळाचं डिझेल काढून पाहा. एक्झॉस्टचं तोंड झाका, पण स्टार्टरजवळ ठळक पाटी लावा की झाकलेलं आहे. महिन्यातून एकदा झाकण काढून अर्धा तास दोन्ही एसींच्या भारावर चालवा. बिनभाराने पाच मिनिटं चालवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, कारण आत झालेलं पाणी उडून जायच्या आत इंजिन थांबतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: १९१७ चा जुना कायदा जाऊन आता इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ लागू आहे. नोंदणी, सर्व्हे आणि विमा त्याखाली येतात. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे आहे, आणि पाणी ज्या पाटबंधारे खात्याचं त्यांची परवानगी वेगळी. सर्व्हेआधीच जनरेटरची जागा आणि वजन नकाशावर दाखवा, नंतर घुसडू नका.

विक्रेत्याला पैसे देताना शेवटचा हप्ता चाचणीनंतरचा ठेवा. चाचणी बोटीवरच, पाण्यावर, एप्रिल-मेच्या दुपारी दोन वाजता. दोन्ही एसी आणि बाकी सगळं चालू करून एक तास उभ्या बोटीवर, मग एक तास चालत्या बोटीवर, आणि थोडा वेळ मागून वारा येईल अशा दिशेने. या वेळात कूलंटचं तापमान एका जागी स्थिर राहिलं पाहिजे, दोन्ही एसी सुरू होताना दिवे मिचकावले तरी व्होल्टेज २१० च्या खाली जाता कामा नये, फ्रिक्वेन्सी ५० च्या आसपास राहिली पाहिजे, आणि केबिनमधल्या अलार्मचा आकडा शून्यावर. यातलं एकही जमलं नाही तर सही करू नका, आधी विक्रेता आणि फॅब्रिकेटर दोघांना बोटीवर बोलवा.